डॉक्टर बदलला

लखनौच्या वृंदावन योजनेत ‘डॉक्टर बदलला’ हे वाक्य जपून उच्चारावं लागतं. पलीकडेच पीजीआयचं इस्पितळ. रायबरेली रोडवरून चारबागकडे जा नाहीतर तेलीबागच्या बाजारात, दर चौथ्या माणसाच्या हातात तपासण्यांची फाइल असते. लांबच्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबं आमच्या सेक्टरात महिना-महिना खोली घेऊन राहतात. अशा ठिकाणी मी गॅलरीत उभी राहून पुण्याच्या भाचीशी फोनवर बोलत होते आणि भरात म्हणाले, “अगं, डॉक्टर बदलला, लिहिणारासुद्धा बदलला, आता जुनं काय राहिलंय?” शेजारच्या भाभींनी त्यातलं ‘डॉक्टर’ आणि ‘बदलला’ एवढंच उचललं. संध्याकाळी वाटीत खीर घेऊन आल्या आणि हळूच विचारलं, “दीदी, किस विभाग के डॉक्टर बदल गए? और परचा अब कौन लिखेगा?”

मी त्यांना खरं सांगितलं. विलायतेतली एक टीव्ही मालिका आहे, तिच्यातला डॉक्टर. त्यांना हायसं वाटलं, थोडा रागही आला असावा. पण त्यांचा दुसरा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. परचा, म्हणजे औषधांची चिठ्ठी, कोण लिहिणार? ‘डॉक्टर हू’ पाहणारी मंडळी नवा नट आला की वर्ष-वर्ष भांडतात, पण हा प्रश्न क्वचितच आधी विचारतात.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीबीसीनं ती २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू केली. आदल्या दिवशी केनेडींची हत्या झालेली, त्यामुळे पहिल्या भागाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी तो पुन्हा दाखवावा लागला. १९८९मध्ये मालिका बंद पडली, मध्ये १९९६ला एक टीव्हीपट येऊन गेला, आणि २००५पासून ती पुन्हा उभी राहिली. नायक परग्रहावरचा, नाव कधीच कळत नाही, सगळे नुसतं डॉक्टर म्हणतात. पोलिसांच्या जुन्या निळ्या खोक्यात बसून तो काळातून भटकतो. मरणाच्या दारात पोचला की त्याचं शरीर पालटतं, चेहरा नवा येतो, आठवणी जुन्याच राहतात. ही युक्ती मुळात अडचणीतून निघाली. पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल आजारी पडला, संवाद विसरू लागला, आणि १९६६च्या ऑक्टोबरात त्याच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आला. इंग्रजीत याला रीजनरेशन म्हणतात. मी कात टाकणं म्हणते. कोणी दशावताराची उपमा देतात, ती मला पटत नाही. अवतार कार्यासाठी घेतले जातात. ही कात नटाच्या तब्येतीपायी टाकली जाते, कराराच्या तारखेपायी, कधी वरच्या साहेबाच्या लहरीपायी.

लखनौत बसून मी हे का लिहावं, यालाही कारण आहे. मालिकेचा अगदी पहिला भाग ज्यानं दिग्दर्शित केला तो मुलगा इथला. वारिस हुसेन, जन्म ९ डिसेंबर १९३८, लखनौ. आई अतिया हुसेन, ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ (१९६१) या कादंबरीची लेखिका. लखनौच्या तालुकदार घराण्यांची मोडतोड तिच्याइतकी आतून फार कमी लोकांनी लिहिली आहे. वडील हबीबुल्ला घराण्यातले. आपल्याकडच्या वाचकांना ते नाव दुसऱ्या वाटेनं माहीत असेल: खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या सुरुवातीच्या दिवसांतले कमांडंट मेजर जनरल इनायत हबीबुल्ला त्याच घराण्यातले. फाळणीच्या आगेमागे हे कुटुंब इंग्लंडला गेलं. मुलगा केंब्रिजला शिकला, पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी. म्हणजे आपले जयंत नारळीकर तिथे पोचले त्याच सुमाराला. गणित शिकणारा कोल्हापूरचा आणि इंग्रजी शिकणारा लखनौचा, एकाच गावात. एकमेकांना कधी दिसले का, कोण जाणे.

१९६३मध्ये वारिस हुसेन चोवीस वर्षांचा होता. निर्माती व्हेरिटी लँबर्ट सत्तावीस वर्षांची, बीबीसीच्या नाट्यविभागातली त्या वेळची एकमेव स्त्री निर्माती. दोघांना लाइम ग्रोव्हचा स्टुडिओ ‘डी’ मिळाला, अडगळीसारखा आणि भट्टीसारखा तापणारा. २७ सप्टेंबरला पहिला भाग चित्रित झाला. यानाची दारं धडाधड आपटत होती, ती त्यात दिसतात. डॉक्टर इतका तुसडा झाला होता की मुलं टीव्हीपुढून उठून जातील. नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांनी तो पाहिला आणि नापास केला. पुढची हकिकत वारिस हुसेन यांनीच सांगितली आहे. न्यूमननं दोघांना जेवायला नेलं आणि सांगितलं, खरं तर तुम्हा दोघांना काढूनच टाकायला हवं. पण जा, पुन्हा करा. १८ ऑक्टोबरला तोच भाग पुन्हा चित्रित झाला. संहिता थोडी सौम्य केली, हार्टनेलच्या डोळ्यांत कुठेतरी खट्याळपणा आला, आणि तो भाग आज आपण पाहतो.

साठ वर्षांहून अधिक चाललेल्या या मालिकेचा पहिलाच निकाल ‘नापास’ असा लागला होता, हे मी भाचीला दर वेळी ऐकवते. ती म्हणते, “मावशी, तू प्रत्येक वादात हे एकच हत्यार काढतेस.” काढते. कारण न्यूमननं त्या दिवशी जे केलं ते आम्हा प्रेक्षकांना जमत नाही. त्यानं नट बदलला नाही. काय लिहिलंय आणि कसं करून घेतलंय, तेवढं बदलायला लावलं.

मराठी माणसाला नट बदलण्याचं कौतुक नाही. आपल्याकडे त्याला शब्दही आहे: रिप्लेसमेंट. बालगंधर्वच्या तिकीट खिडकीपाशी ‘आजच्या प्रयोगात अमुक यांच्याऐवजी’ अशी चिठ्ठी दिसली की आधी कपाळाला आठी, मग दुसऱ्या अंकापर्यंत हळूहळू खुर्चीत सैल होणं, हे आम्ही लहानपणापासून केलंय. ‘नटसम्राट’चे बेलवलकर १९७०ला डॉ. लागूंनी उभे केले. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशांनी ते केले, आणि प्रत्येक वेळी घराघरात तुलना झाली. ‘तो मी नव्हेच’चा लखोबा म्हणजे पणशीकर हे जवळपास अर्धं शतक गृहीतच होतं, तरी त्यांच्यानंतर गिरीश ओक त्या भूमिकेत उभे राहिलेच. पण या सगळ्यात शिरवाडकरांची आणि अत्र्यांची ओळ जागेवर होती. तेच शब्द लागूंच्या तोंडून ऐकलेत आणि भटांच्याही. म्हणून तुलना न्याय्य. लखनौ तर भातखंडे आणि रातंजनकरांचं गाव, कैसरबागेत त्यांनी उभं केलेलं संगीत महाविद्यालय अजून आहे. तिथे शिकलेला कोणीही सांगेल की बंदिश वेगळी आणि गळा वेगळा. भातखंड्यांनी ‘चतुर’ या नावानं बांधलेली बंदिश आज कोणी बेसूर गायली तर दोष चतुराला कोणी देत नाही.

‘डॉक्टर हू’मध्ये मात्र कधी कधी गळा आणि बंदिश एकाच रात्री बदलतात. मग बेसूर कोण, हे ठरवायचं कसं?

याची सगळ्यात वाईट गोष्ट कॉलिन बेकरची. १९८४च्या मार्चमध्ये पीटर डेव्हिसनच्या डॉक्टरची शेवटची कथा आली, ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’, लेखक रॉबर्ट होम्स. आठवड्याभरात नव्या डॉक्टरची पहिली कथा आली, ‘द ट्विन डिलेमा’, लेखक अँथनी स्टीव्हन. २००९मध्ये ‘डॉक्टर हू मॅगझिन’नं तोवरच्या दोनशे कथांवर वाचकांची मतं घेतली. पहिली आली ‘अँड्रोझानी’, दोनशेवी ‘ट्विन डिलेमा’. एका आठवड्याच्या अंतरानं शिखर आणि खड्डा! आणि त्या खड्ड्यात नव्या नटाला काय करायला लावलं? नुकतंच शरीर पालटलेला, भ्रमिष्ट झालेला डॉक्टर आपल्याच सोबतिणीचा, पेरीचा, गळा दाबतो. अंगात रंगीबेरंगी ठिगळांचा कोट, जो बेकरला स्वतःला नको होता. त्याला काळा मखमली पोशाख हवा होता. हा माणूस पुढे हळूहळू प्रेमळ होत जाईल असा लांबचा बेत होता म्हणे. पण पहिल्याच भेटीत गळा दाबणाऱ्या माणसाकडे पुन्हा कोण जातं?

१९८५ला मालिका दीड वर्ष थांबवली गेली, १९८६ला बेकरला काढलं. निर्माता तोच राहिला. बेकरनं शेवटचा कात टाकण्याचा प्रसंग करायला नकार दिला, तेव्हा त्याच्या जागी आलेल्या सिल्व्हेस्टर मॅकॉयला केसांचा टोप घालून जमिनीवर पालथं पाडलं आणि वेळ निभावली. नाटक कंपनीतलीच तऱ्हा. पुढे १९९९पासून बिग फिनिश या संस्थेनं जुन्या डॉक्टरांना घेऊन श्राव्य नाटकं काढायला सुरुवात केली. कोट दिसत नव्हता, फक्त आवाज. आणि ऐकणाऱ्यांना कळलं की हा तर मोठ्या ताकदीचा डॉक्टर होता. तेरा वर्षांनी निर्दोष सुटका. भाचीनं मला यातलं एक नाटक रात्री ऐकवलं, तेव्हा मी कबूल केलं की चित्रफीत पाहून मीही त्या माणसाला शिक्षा ठोठावली होती.

आता ज्या जोडीवर आमचा खरा वाद आहे ती. ३ एप्रिल २०१०. डेव्हिड टेनंट गेलेला, त्याच्याबरोबर रसेल टी. डेव्हिसही गेलेला. २००५मध्ये मालिका जिवंत केली ती त्यानं. नवा डॉक्टर मॅट स्मिथ. नाव जाहीर झालं तेव्हा सव्वीस वर्षांचा, तोवरचा सगळ्यात तरुण. पाठीच्या दुखण्यानं फुटबॉल सुटला म्हणून नाटकाकडे वळलेला. नवा मुख्य लेखक स्टीव्हन मॉफॅट. डेव्हिसच्या राज्यात यानंच ‘ब्लिंक’ (२००७) लिहिली होती. पापणी लवली की सरकणारे दगडी देवदूत तिच्यातले, आणि डॉक्टर त्या भागात जेमतेम दिसतो. तीन वर्षं लागोपाठ ह्यूगो पुरस्कार मिळवलेला लेखक. तरी टेनंटच्या चाहत्यांना तो परका. आमच्या घरात भाची तेव्हा कॉलेजात होती. तिनं जाहीर केलं होतं, “हा मुलगा डॉक्टर नाही, हा डॉक्टरच्या दवाखान्यातला कंपाउंडर आहे.”

‘द इलेव्हन्थ अवर’ या भागात मॉफॅटनं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. फाटक्या कपड्यातला डॉक्टर एका सात वर्षांच्या मुलीच्या परसात कोसळतो. भूक लागली म्हणतो. ती सफरचंद देते, थुंकतो. दही, थुंकतो. बेकन, घेवडा, पाव-लोणी, सगळं नाकारत जातो. शेवटी माशाच्या कांड्या कस्टर्डमध्ये बुडवून मिटक्या मारत खातो. नवी जीभ आहे, तिला काय रुचतं ते त्यालाच ठाऊक नाही. आणि टीव्हीपुढे बसलेला प्रेक्षक नेमकं हेच करतोय: हा नको, तो नको, जुनाच दे. लेखकानं आमच्या हट्टालाच प्रसंगात बसवलं. भागाच्या शेवटी एका हॉस्पिटलच्या गच्चीवर परग्रही पाहुण्यांसमोर आधीच्या दहाही डॉक्टरांचे चेहरे एकामागून एक येतात, आणि टेनंटच्या चेहऱ्यातून वाट काढत स्मिथ पुढे येतो. त्या क्षणी भाची गप्प झाली होती. दुसऱ्या दिवशी तिनं मान्य केलं, “कंपाउंडर नाही. हाउसमन असेल.” एवढी बढती एका रात्रीत पुरे.

माझं मत विचाराल तर त्या जोडीतला नट अजूनही कमी लेखला जातो आणि लेखक थोडा जास्त. स्मिथनं ट्राउटनच्या १९६७च्या कथा पाहून आपला डॉक्टर घडवला. त्या बो-टायमागे एक म्हातारा थकून बसलेला दिसतो. तिशीही न गाठलेल्या पोराला ते म्हातारपण कुठून सापडलं? मॉफॅट सुटी कथा लिहायला बसला की बिनतोड. सगळं राज्य हाती आल्यावर तो स्वतःच्या गाठींच्या प्रेमात पडला. रिव्हर साँग कोण, डॉक्टर खरंच मेला का, अमुक दाराआड काय आहे. २०११पर्यंत मला वहीत नोंदी कराव्या लागत होत्या. भाचीला हे अजिबात मान्य नाही. तिच्या मते मला वय झाल्यामुळे धागा धरता येत नाही. असेल.

इथे नारळीकरांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली, पण नाव घातलं नारायण विनायक जगताप. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा केला, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून कथा लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. खगोलशास्त्रात एवढं नाव झालेल्या माणसाला आपल्या लेखणीचा निकाल चेहऱ्याविना हवा होता. टीव्हीवर ही सोय नाही. तिथे लेखकाची ओळ नटाच्या तोंडातूनच येणार, आणि शिवी द्यायची तर तोंडच समोर आहे.

ख्रिस चिब्नॉलला हे इतर कोणाहीपेक्षा चांगलं ठाऊक असायला हवं होतं. १९८६मध्ये, कॉलिन बेकरच्या शेवटच्या कथेनंतर, बीबीसीच्या ‘ओपन एअर’ या कार्यक्रमात काही तरुण चाहत्यांना बोलावलं होतं. समोर त्या कथेचे लेखक पिप आणि जेन बेकर. त्यांना तोंडावर, लेखन घिसंपिटं आहे असं सुनावणारा सोळा वर्षांचा मुलगा म्हणजे चिब्नॉल. पोरसवदा उद्धटपणा खराच, पण त्यानं बोट नटाकडे नाही, लेखकाकडे दाखवलं होतं, हे लक्षात घ्या. बत्तीस वर्षांनी खुर्ची त्याची झाली. १६ जुलै २०१७ला विंबल्डनची पुरुषांची अंतिम लढत संपली आणि नव्या डॉक्टरचं नाव जाहीर झालं: जोडी व्हिटेकर. पहिली बाई. ७ ऑक्टोबर २०१८ला तिचा पहिला भाग लागला तेव्हा ब्रिटनमध्ये सुमारे १ कोटी ९ लाख लोकांनी तो पाहिला.

मग वाद कशावर झाला? बाई डॉक्टर असावी का, यावर. त्या गदारोळात लेखनाकडे पाहायला कोणाला सवडच मिळाली नाही. विरोधकांना नटीत खोट हवी होती, समर्थकांना लेखकावर टीका करणं म्हणजे शत्रूला रसद पुरवणं वाटत होतं. मी दोन्ही बाजूंच्या मधे उभी राहून सांगते: व्हिटेकरमध्ये काही उणं नव्हतं. तिच्या हातात प्रसंगच कमी दिले. यानात तीन-तीन सोबती कोंबले, सगळ्यांना एकेक वाक्य मिळायला हवं, मग डॉक्टरच्या वाट्याला उरतं ते समजावून सांगणं. १ मार्च २०२०च्या ‘द टाइमलेस चिल्ड्रन’मध्ये तर कळसच. डॉक्टरच्या पूर्वायुष्याचा सगळा पट उलटा केलेला, सर्वनाशाचं यंत्र तिच्या हातात, निर्णयाची घडी, आणि तिला ते करवत नाही म्हणून एक म्हातारा पाहुणा येऊन तिच्या हातून यंत्र काढून घेतो. नायिकेची घडी पाहुण्यानं नेली. याची शिक्षा नटीला का?

तिच्या हाती खरी बंदिश आली तेव्हा काय झालं ते ‘डीमन्स ऑफ द पंजाब’मध्ये दिसतं. ११ नोव्हेंबर २०१८चा भाग, लेखक विनय पटेल. डॉक्टरच्या सोबत्यांपैकी शेफील्डची यास्मिन खान आजीच्या तरुणपणी, १९४७च्या ऑगस्टमध्ये जाऊन पोचते. मुसलमान आजी एका हिंदू तरुणाशी, प्रेमशी, लग्न करते आहे. तो महायुद्धातून परतलेला सैनिक. तिथे भयानक चेहऱ्याचे परग्रहवासी वावरत असतात, पण ते मारेकरी निघत नाहीत. एकाकी मरणाऱ्यांच्या शेवटच्या क्षणी साक्षीला उभं राहणं हे त्यांनी व्रत घेतलेलं असतं. मारेकरी घरातलाच असतो, प्रेमचा धाकटा भाऊ. आणि काळाचा स्वामी म्हणवणाऱ्या डॉक्टरला पाठ फिरवून चालत राहावं लागतं. मागे गोळीचा आवाज येतो. व्हिटेकर त्या वेळी काहीच करत नाही. चालत राहते. त्या चार-सहा पावलांत तिनं मला डॉक्टर म्हणून पटवलं.

हा भाग मी पाहिला तो इथे, वृंदावन योजनेत, आणि मला अतिया हुसेन आठवत राहिल्या. त्यांच्या मुलानं ही मालिका सुरू करून दिली त्याला पंचावन्न वर्षं होत आली होती. तेवढ्या अवधीत निळं खोकं प्राचीन रोमला जाऊन आलं, एलिझाबेथच्या दरबारात गेलं. फाळणीपर्यंत यायला तेवढी वर्षं लागली. पहिल्या दिग्दर्शकाच्या घरात तो विषय रोजचा होता.

शुटी गाट्वाबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण तो अजून ताजा आहे. रवांडात जन्मलेला, स्कॉटलंडमध्ये वाढलेला, पडद्यावर आला की खोली उजळणारा नट. लेखक पुन्हा डेव्हिस, म्हणजे या वेळी गळा नवा आणि बंदिश जुन्या उस्तादाची. आठ-आठ भागांचे दोन हंगाम, एवढ्यातच आटोपलं. ३१ मे २०२५ला त्यानं कात टाकली आणि प्रकाशातून बिली पायपर बाहेर आली, २००५ची डॉक्टरची सोबतीण. ती डॉक्टर आहे की आणखी कोणी, हे श्रेयनामावलीतही सांगितलं नाही. भाचीचा रात्री दीड वाजता फोन. “मावशी, हा रडीचा डाव आहे!” मी म्हटलं, झोप आता, ज्यानं परचा लिहिलाय त्याला विचारू.

दिवाळीच्या सुट्टीत ती इथे आली होती. आम्ही एक उद्योग करायचं ठरवलं होतं. वारिस हुसेननं पहिल्या कथेनंतर आणखी एक केली, ‘मार्को पोलो’, १९६४च्या फेब्रुवारी ते एप्रिलमधली, सात भागांची. कुब्लाई खानाच्या दरबारापर्यंतचा प्रवास. तिच्या फिती बीबीसीनं पुढे पुसून टाकल्या. आवाज मात्र उरला, कारण तेव्हा काही प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो उतरवून घेतला होता. सातांपैकी चौथा भाग हुसेनचा नाही, जॉन क्रॉकेटनं दिग्दर्शित केलेला. एका आठवड्याची रिप्लेसमेंट. चेहरे दिसत नाहीत, तेव्हा नुसत्या कानानं दिग्दर्शकाचा बदल ओळखू येतो का, हे पाहायचं होतं.

गच्चीवर सतरंजी टाकली. शहीद पथावरच्या ट्रकांचा घरघराट चालू होता. तिसरा भाग संपला, चौथा लागला. भाची डोळे मिटून ऐकत होती, मीही. अर्ध्यावर तिनं विचारलं, “काही कळतंय?” मी म्हटलं, थांब. पाचवा भाग सुरू झाला तरी आम्हा दोघींना काही कळलं नव्हतं.